आयओएस ७ : एका नव्या रूपाची आणि जुन्या संवयींची कहाणी

माणसाला नव्याची हौस असते, असें म्हणण्याची रीत आहे. ती हौस खरी; परंतु नवें काय घ्यावें आणि केव्हां घ्यावें हें ठरविणें स्वतःच्या हातीं असेपर्यंतच ती टिकते. बाजारांतून नवें फडताळ आणणाऱ्या गृहिणीला आनंद होतो. पण ती निजली असतां कोणी येऊन तिच्या स्वयंपाकघरांतील सारे डबे हलवून ठेवले, तर नवी मांडणी कितीही सुबक असली तरी सकाळीं तिचा जीव त्रासल्यावांचून राहणार नाहीं. सप्टेंबर २०१३ मध्यें जगांतील कोट्यवधि लोकांची स्थिति थोडीफार या गृहिणीसारखी झाली. त्यांच्या खिशांतील आयफोन तोच होता. पण त्याचें तोंड ओळखूं येईनासें झालें होतें.

स्मार्टफोन म्हणजे दोन वस्तूंचा संयोग होय. कांच, धातु आणि बॅटरी मिळून झालेली एक वस्तु; आणि दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सारा कारभार चालविणारी आज्ञावली. पहिली विकत घेतली कीं ती घेणाऱ्याची होते. दुसरी मात्र करणाऱ्या कंपनीच्याच हातीं राहते. ती बहुधा दर वर्षीं बदलते आणि घरबसल्या, तारेवांचून, यंत्रांत येऊन बसते. या बदलास ‘अपडेट’ म्हणतात. घेणाऱ्याची परवानगी विचारली जाते हें खरें; पण ती देतांना पुढें काय येणार याची पुरी कल्पना फार थोड्यांना असते.

२००७ सालीं ॲपल कंपनीनें आयफोन प्रथम विक्रीस आणला, तेव्हां बहुतेकांना बटणांवांचूनचें, नुसत्या कांचेचें यंत्र वापरण्याची संवय नव्हती. म्हणून आरंभीं आणि पुढील कांहीं वर्षें ओळखीच्या वस्तूंचीं चित्रें काढून लोकांना धीर देण्यांत आला. टिपणें लिहिण्याची जागा पिवळ्या रेघाळ कागदासारखी दिसे. पुस्तकें लांकडी फळ्यांवर मांडलेलीं असत. खेळांच्या दालनास पत्त्यांच्या टेबलावरील हिरव्या बनातीचें रूप होतें. बटण उठावदार असे, त्यामुळें तें दाबावयाचें आहे हें लहान मुलालाही समजे.

सप्टेंबर २०१२ मध्यें कंपनीनें आपले स्वतःचे नकाशे आणले. ते चुकांनीं भरलेले निघाले, आणि प्रमुख टिम कुक यांस २८ सप्टेंबर रोजीं जाहीर क्षमा मागावी लागली. २९ ऑक्टोबर रोजीं, या आज्ञावलीचे अधिकारी स्कॉट फोर्स्टॉल कंपनी सोडणार असल्याचें प्रसिद्ध झालें. पडद्यावरील रूपाचें काम जॉनी आइव्ह यांजकडे आलें. ते तोंवर यंत्राच्या बाह्य देहाचे शिल्पकार म्हणून विख्यात होते.

१० जून २०१३ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें ‘आयओएस ७’ ही नवी आवृत्ति जाहीर झाली. लांकूड, कातडें आणि बनात यांचीं सोंगें नाहींशीं झालीं. त्यांच्या जागीं सपाट रंग, बारीक अक्षरें आणि पुष्कळशी पांढरी मोकळी जागा आली. बटणांच्या कडा जाऊन नुसते रंगीत शब्द उरले. यंत्र हलविलें म्हणजे पार्श्वभूमि किंचित् सरकून खोलीचा भास होई. आणि कोणतेंही दालन उघडतांना तें डोळ्यांवर झेप घेतल्याप्रमाणें मोठें होत येई.

१८ सप्टेंबर रोजीं ही आवृत्ति सर्वांना खुली झाली, आणि २० कोटींहून अधिक यंत्रांवर ती पोंचल्याचें कंपनीनें २३ सप्टेंबर रोजीं जाहीर केलें. पांच दिवसांतील हा आंकडा पाहून लोकांनीं तिचें एकमुखानें स्वागत केलें असें कोणासही वाटेल. अनेकांना नवें रूप स्वच्छ व टवटवीत वाटलेंही. पण तितक्याच मोठ्यानें तक्रारही उठली : रंग भडक आहेत, अक्षरें डोळ्यांना दिसत नाहींत, बटण कोणतें आणि मजकूर कोणता हें कळत नाहीं, बॅटरी लवकर उतरते. हा सारा गलबला एकदम कानीं पडल्यामुळें तो एकाच जातीचा वाटला. वस्तुतः त्यांत तीन निरनिराळ्या तक्रारी मिसळल्या होत्या.

पहिली तक्रार संवयीची. अंगठा वर्षानुवर्षें ज्या जागीं आपोआप जात असे, तेथें आतां दुसरेंच कांहीं होतें. शोध घेण्याचें पान पूर्वीं डावीकडे असे. तें पडदा खालीं ओढल्यावर येऊं लागलें. अशी तक्रार बहुधा कांहीं आठवड्यांत मावळते, आणि नवें रूप काढणारे याच अनुभवावर विसंबून असतात.

दुसरी तक्रार शरीराची होती. पडद्यावरील त्या झेपांनीं कांहींना घेरी येऊं लागली, मळमळूं लागलें, डोकें दुखूं लागलें. हें ऐकून प्रथम पुष्कळांना हंसूं आलें. पण त्यामागील कारण स्पष्ट आहे. शरीराचा तोल राखण्यास कानाच्या आंतील इंद्रियाचें साहाय्य लागतें. देह पुढें चालला आहे असें डोळ्यांना भासतें, आणि तो जागच्या जागींच आहे असें कान सांगतो. या दोन साक्षी जुळल्या नाहींत कीं घेरी येते. आगबोटीच्या खोलींत बसणाऱ्यास बोट लागते, ती याच विसंगतीच्या उलट प्रकारानें. मूळ आवृत्तींत हालचाल कमी करण्याची सोय होती. पण तिनें पार्श्वभूमीचें सरकणें तेवढें थांबे. २२ ऑक्टोबर २०१३ रोजीं आलेल्या ७.०.३ या दुरुस्तीनें झेपांच्या ऐवजीं एकांत एक विरघळणारीं चित्रें दिलीं. अक्षरांची जाडी तर प्रकाशनापूर्वींच्या चाचण्यांतच वाढवावी लागली होती. आणि १० मार्च २०१४ च्या ७.१ या आवृत्तींत बटणांना पुनः आकार देण्याची व रंग गडद करण्याची सोय आली.

तिसरी तक्रार हक्काची होती. ‘जुनें परत द्या’ म्हणणाऱ्यास परतीची वाट उरली नव्हती. जुनी आवृत्ति पुनः घालण्यास कंपनीची संमति-मुद्रा लागते, आणि ती देणें कंपनीनें थोड्याच दिवसांत बंद केलें. कांहीं जणांनीं म्हणून अपडेट घेतलेंच नाहीं. पण २१ फेब्रुवारी २०१४ रोजीं एक गंभीर दोष उघड झाला. यंत्र ज्याच्याशीं बोलत आहे तो खराच तो आहे कीं नाहीं, हें पडताळणाऱ्या भागांत एक ओळ चुकून दोनदां पडली होती, आणि त्यामुळें सहीची तपासणी पुरी न होतांच ती खरी मानली जात होती. दुरुस्ती नव्या आवृत्तीस ७.०.६ या रूपानें मिळाली. जुन्या आवृत्तीसाठीं ६.१.६ निघाली, पण ती आयफोन ३जीएससारख्या, नवी आवृत्ति पेलूं न शकणाऱ्या यंत्रांपुरतीच. ज्याचें यंत्र समर्थ होतें पण मन तयार नव्हतें, त्याला सुरक्षिततेसाठीं नवें रूपही पत्करावें लागलें. दाराचें कुलूप नीट करून हवें असेल तर भिंतींचा नवा रंगही घ्या, असा हा सौदा होता. दोन आवृत्त्या सांभाळणें खर्चाचें असतें, आणि मागें राहिलेलीं यंत्रें चोरांना सोपीं जातात, ही कंपनीची बाजूही खोटी नव्हती.

अशा सौद्यांतून संशय जन्मतो. नवीं अपडेटें जुनें यंत्र मुद्दाम मंद करतात, ही कुजबुज पुष्कळ वर्षें लोकभ्रम म्हणून सोडून दिली जात होती. डिसेंबर २०१७ मध्यें मात्र, जीर्ण बॅटरीच्या यंत्रांचा वेग आज्ञावलींतूनच कमी केला जातो हें कंपनीनें मान्य केलें. हेतु यंत्र अकस्मात् बंद पडूं नये हा होता. पण तो वापरणाऱ्यास नीट सांगितलेला नव्हता. २८ डिसेंबर रोजीं क्षमा मागून कंपनीनें बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेंत ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला, आणि मार्च २०१८ च्या ११.३ या आवृत्तींत बॅटरीची प्रकृति पाहण्याची व तो लगाम काढण्याची सोय दिली.

१५ सप्टेंबर २०२५ रोजीं आयओएस २६ च्या पारदर्शक कांचेसारख्या रूपानें जुना वाद पुनः जागा झाला. अक्षरें मागच्या चित्रांत बुडतात, असें अनेकांनीं म्हटलें. ३ नोव्हेंबर रोजीं आलेल्या २६.१ मध्यें ती कांच कमी पारदर्शक करण्याचा पर्याय मिळाला. संवयीची कुरकूर कालांतरानें विरली. शरीराच्या तक्रारीला मात्र दर वेळीं उत्तर द्यावें लागलें. २०१३ सालीं ज्यांच्या घेरीला हंसण्यांत आलें, त्यांच्यामुळें विस्तारलेली ती सोय आजही प्रत्येक आयफोनमध्यें आहे. परतीची वाट मात्र अजून अरुंदच आहे. २०२१ सालीं आयओएस १५ च्या वेळीं, जुन्या आवृत्तीवर राहूनही सुरक्षिततेच्या दुरुस्त्या घेण्याची मुभा मिळाली होती. ती कांहीं महिन्यांतच संपली. डबे कोठें ठेवावयाचे हें गृहिणीला कधीं कधीं विचारलें जाऊं लागलें आहे. रात्रींची किल्ली अद्यापि दुसऱ्याच्याच हातीं आहे.