दिनविशेष : ७ जून १८४४ – एकाच अंकाचे वृत्तपत्र

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या नावू या मॉर्मन पंथीयांच्या नगरात ७ जून १८४४ रोजी ‘नावू एक्स्पोझिटर’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. तोच शेवटचाही ठरला. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ गुप्तपणे बहुपत्नीत्वाची शिकवण देतात, असा आरोप त्यात होता. तो करणाऱ्यांत विल्यम लॉ हे स्मिथ यांचे एकेकाळचे निकटचे सल्लागार होते. लॉ, त्यांची पत्नी जेन आणि ऑस्टिन काउल्स यांची शपथपत्रेच अंकात छापली होती.

जेमतेम बारा दिवसांपूर्वी, २६ मे रोजी, स्मिथ यांनी जाहीर भाषणात आपल्याला एकच पत्नी असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात बहुपत्नीत्वाला मान्यता देणारा ‘दैवी आदेश’ जुलै १८४३ मध्येच लिहून घेतला गेला होता.

१० जूनला नगर परिषदेने वृत्तपत्र उपद्रवकारक ठरवले. महापौर स्मिथच होते. त्यांच्या हुकुमाने छापखाना मोडण्यात आला. याच प्रकरणातून अटक झालेले स्मिथ आणि त्यांचे बंधू हायरम यांची २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने हत्या केली.

पंथाने बहुपत्नीत्व उघडपणे मान्य केले ते ऑगस्ट १८५२ मध्ये. ही प्रथा थांबवणाऱ्या १८९० च्या जाहीरनाम्यानंतरही असे काही विवाह होत राहिल्याने १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा काढावा लागला. स्मिथ यांच्या पत्नींची संख्या ३० ते ४० असावी, हा अंदाज चर्चने २०१४ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला.