‘मुलांची शाळा’ आणि जूनची पहिली घंटा

देऊळगाव राजाहून जालना तीसेक किलोमीटर. एसटीने तासाभरात पोहोचावे एवढेच अंतर. तरीही जालन्याची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होई आणि आपली २६ जूनला. सुट्टीत आलेली जालन्याची भावंडे नवी वह्यापुस्तके घ्यायला परत जात, तेव्हा आपण अजून आंबे खात बसलेलो असायचो. या फरकाचे कारण सगळ्यांना पाठ आहे : विदर्भातले ऊन. राज्याच्या इतर भागांत शाळा उघडल्यावर काही दिवसांनी विदर्भातल्या शाळा उघडतात. तारीख आता थोडी मागेपुढे होते. २०२४ साली विदर्भातल्या शाळा १ जुलैला उघडल्या, २०२५ साली २३ जूनला. पण आपल्या पिढीच्या मनात शाळेचे नवे वर्ष म्हणजे २६ जून.

ऊन काही तालुक्याची हद्द पाहून पडत नाही. आपल्या आणि जालन्याच्या मध्ये जी रेघ आहे, ती उन्हाची नव्हे, इतिहासाची. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. जालना निजामाच्या राज्यातच राहिले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ही दोन शेजारी गावे दोन वेगळ्या राजवटींत होती. तिकडे सरकारदरबारी उर्दूचे वजन होते; १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. इकडे वऱ्हाडात मराठी शाळा, आणि पुढे शिकायचे तर इंग्रजी हायस्कूल. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर आपली नजर नागपूरकडे वळली. १९५६ साली दोन्ही भाग मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. रेघ नकाशावर पुसट झाली, शाळेच्या वेळापत्रकात मात्र उरली.

जून महिनाही पूर्वीपासूनचा नाही. पंतोजींच्या शाळेत वर्ष सुरू होणे हा प्रकारच नव्हता. चांगला मुहूर्त पाहून पोराला शाळेत घालत, बहुधा दसऱ्याला. धूळपाटीवर अक्षरे गिरवत शिक्षण सुरू होई. आपल्या गावात तो काळ बालाजी महाराजांच्या आश्विनातल्या यात्रेचा. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा करण्याची जी रीत आपण पाळली, ती त्या जुन्या प्रवेशदिनाची आठवण आहे. इंग्रजी अमलात जानेवारीतही शाळा सुरू होत. चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले ते १ जानेवारी १८८० रोजी. पुढे परीक्षा मार्च-एप्रिलला ठरल्या, उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पावसाबरोबर शाळा हे समीकरण पक्के झाले. शेतकऱ्याच्या घरात मात्र हे समीकरण कधीच सोपे नव्हते. मृगाचा पाऊस पडला की पेरणी आणि शाळा एकदमच दारात येतात, आणि हात कमी पडले की पहिला आठवडा पोराचा नव्हे, शेताचा होतो.

आता पाटीकडे वळू. गावोगावी शाळेवर लिहिलेले असते, ‘मराठी मुलांची शाळा’. मराठीत ‘मुले’ म्हणजे मुलगे, आणि ‘मुले’ म्हणजे मुलगे-मुली सगळेच. मुलींची शाळा असेल तर ‘कन्या शाळा’ असे वेगळे लिहावे लागते. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात ‘डिफॉल्ट’ असा एक शब्द आहे. कोणी काही निवडले नाही तर यंत्र जे धरून चालते, ते डिफॉल्ट. आपल्याकडे विद्यार्थी म्हटला की दीर्घकाळ मुलगा धरलेला असे, तोही ठरावीक घरांतला. त्यामुळे शाळेचा इतिहास म्हणजे इमारतीचा किंवा निकालाचा इतिहास नव्हे. ‘मुलांची’ या शब्दात कोण कोण आले, त्याचा तो इतिहास आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. आपली शाळा उघडण्याची तारीख त्यांच्यासाठी ठरवलेली नव्हती, पण असा योगायोग जपण्यासारखा आहे.

वऱ्हाडात हे काम डॉ. पंजाबराव देशमुखांनी अंगावर घेतले. इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या या माणसाने अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यातल्या पोराला शाळेआधी राहायला आणि जेवायला जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि वऱ्हाडातल्या अनेक शेतकरी घरांना हायस्कूल पहिल्यांदा दिसले.

आपल्याच तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. खडकपूर्णेवरच्या धरणाला त्यांचेच नाव आहे. पंढरपुरात चोखोबांना देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, आणि त्यांची समाधीही दारापाशीच आहे. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या मातीला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकातून कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हे म्हणूनच आपण पाहिले पाहिजे.

मुलींपुरते सांगायचे तर शेजारी सिंदखेड राजा जिजाऊंचे, तरी लेक हायस्कूलला जाणे हा आपल्याकडे बरीच वर्षे घरच्या बैठकीचा विषय होता. १९८० च्या दशकात राज्याने मुलींची बारावीपर्यंतची फी माफ केली, पुढे खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला, तेव्हा ती बैठक लवकर संपू लागली. आमच्या बॅचला मुलींची एक रांग होती, मुलांच्या तीन. त्या रांगेतून मी इंजिनिअरिंगपर्यंत गेले. माझ्या बरोबरीच्या काही जणी दहावीनंतर दिसल्या नाहीत. त्या हुशारीत माझ्यापेक्षा कमी नव्हत्या.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला फाटक कायद्याने उघडले. आता पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. तोरण, गुलाबाचे फूल, हातात नवी पुस्तके. हे छानच आहे. पण कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, आणि आपली हायस्कुले नेमकी तिथून पुढची. नववीच्या पटावरचे नाव जूनमध्ये पुन्हा लागले का, हे कायदा विचारत नाही. ते गावाने विचारायचे असते.

मेळाव्यासाठी आपण पुण्याहून, मुंबईहून, परदेशातून आलो आहोत. शाळेला पंखे, संगणक, वर्गखोली देऊ, ते द्यावेच. त्याबरोबर एक लहान काम प्रत्येक बॅचने वाटून घ्यावे. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत हजेरीपटावर जी नावे गैरहजर दिसतील, त्यांच्या घरी शिक्षकांबरोबर गावातल्या दोघा माजी विद्यार्थ्यांनी जावे. कुठे पेरणी अडली असेल, कुठे पैसे, कुठे मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असतील. प्रत्येक अडचण आपल्याला सुटेल असे नाही, पण विचारायला कोणी आले, हे त्या घराला कळेल.

नव्या वर्षात शाळेत येणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचे, त्यांच्या शिक्षकांचे आणि पालकांचे मनापासून स्वागत. ‘मुलांची शाळा’ ही पाटी पुसायची गरज नाही. त्यातल्या ‘मुलांची’ या शब्दात तुम्ही सगळे, सगळ्याजणी आहात, एवढे लक्षात असू द्या.