पायली कुणाच्या हातात?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाला पोरं येतात. महाड 1927, नाशिक 1930, नागपूर 1956, तारखा घडाघडा म्हणतात. पण 'तुझा पणजा काय करायचा रे?' विचारलं की माना खाली. मी आठवीत शाळा सोडलेला, सूतगिरणीत पाळी भरणारा माणूस. मला पुस्तकी शिकवता येत नाही. म्हणून मागच्या रविवारी गावाकडून आणलेल्या तीन वस्तू मधोमध मांडल्या. इरलं, विळा, पायली.

एक पोरगा भडकलाच. "ही गुलामीची अडगळ कशाला? फेकून द्या!"

म्हटलं, फेकू. आधी वाचू तर.

इरलं बघा. बांबूच्या कामट्या, वर पानं. पाठीवर लांब उतरलेलं. ताठ उभ्या माणसासाठी हे केलेलंच नाही. भातलावणीत दिवसभर वाकलेल्या पाठीच्या मापानं केलंय. चिखलात वाकलेली पाठ आमच्या बायांची. बांधावर छत्री धरून उभा तो खोत.

विळा घ्या. मूठ झिजून गुळगुळीत झालीय. पेरणी, लावणी, कापणी, सगळं या मुठीच्या बाजूनं. पण भात खळ्यावर आलं की विळा मुका होतो. तिथं पायली बोलते.

खोत म्हंजे मुळात सारा वसूल करून सरकारात भरणारा. तो गावाचा धनी होऊन बसला. अर्धेलीच्या कुळानं निम्मं भात त्याच्या घरी पोचवायचं. वर वेठ, तीही फुकट. आजी सासऱ्याच्या तोंडचं सांगते : "घेताना पायली शिगेची, देताना सपाट." मित्रांनो, शीग म्हंजे काय? काठाच्या वर जेवढं भात राहतं, तेवढी आमच्या पोरांची भूक.

मग एकदा विळाच थांबला. 1933 साली अलिबागजवळच्या चरी गावात आणि आसपासच्या गावांत नारायण नागू पाटलांबरोबर कुळांनी संप केला. सहा वर्षं चालला. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं बिल आणलं. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात कुणबी होता, महार होता. गावात पाणवठा वेगळा, पण दोघांना लुटणारी पायली एकच. बिल तेव्हा पास झालं नाही. खोती मोडणारा कायदा झाला 1949 साली.

आपल्याला सांगतात, बाबासाहेब पाण्यासाठी लढले, देवळासाठी लढले. खरंय. पण त्यांनी पायलीलाही हात घातला, हे कुणी सांगत नाही. का सांगत नाही?

तो भडकलेला पोरगा पायली हातात घेऊन बसला होता. म्हणाला, "दादा, तुमच्या गिरणीत पायली कुठाय?"

मी गप्प झालो. सूत मी काढतो. किती निघालं ते यंत्रावरचं मीटर सांगतं, आणि तो आकडा लिहायची वही साहेबाच्या टेबलावर.

लाज फेकून द्या, वस्तू फेकू नका. पुढल्या रविवारी प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची. दोनच प्रश्न विचारायचे : राबलं कोण? आणि मोजलं कुणी?