वेअरहाउस : एका नृत्यगृहाने जगाला दिलेले संगीत



महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात किंवा लग्नाच्या वरातीत डीजेचा एक ठोका तुम्ही नक्की ऐकला असेल : धप्, धप्, धप्, धप्. प्रत्येक मात्रेवर खर्जातला एक सारखा आघात, मिनिटाला साधारण १२० ते १२५. या ठेक्यावर उभ्या असलेल्या संगीताला ‘हाउस’ म्हणतात. या शब्दाचा ‘घरा’शी थेट संबंध नाही. तो एका इमारतीच्या नावाचा उरलेला तुकडा आहे. त्या इमारतीचा इतिहास आपण या पाठात पाहू.

१. जागा आणि माणसे

अमेरिकेतील शिकागो शहरात, २०६ साउथ जेफरसन स्ट्रीट या पत्त्यावर, औद्योगिक वस्तीतील एका जुन्या इमारतीत १९७७ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी एक नृत्यगृह सुरू केले. लोक त्याला ‘वेअरहाउस’, म्हणजे गोदाम, म्हणू लागले. संगीत वाजवण्यासाठी न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स हा विशीतला तरुण डीजे आला.

येथे येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, आणि त्यांत समलिंगी तरुणांची संख्या मोठी होती. शहरातील इतर अनेक क्लबांत त्यांचे स्वागत होत नसे. वेअरहाउसमध्ये दारू विकली जात नसे, फळांचे रस मिळत. शनिवारी रात्री उशिरा सुरू झालेले नृत्य रविवार उजाडल्यावरही चालू राही. जिथे आपल्याला कोणी हटकणार नाही अशी ती जागा होती, आणि पुढचे सारे समजून घ्यायला ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

२. डिस्कोवरचा राग

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्या जमवून स्फोटाने उडवण्यात आल्या. तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. प्रेक्षक मैदानात घुसले, आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या दिवशी तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे स्वतः संगीतकार झाला. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या, पण कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्याही होत्या, हे त्याने नंतर सांगितले. राग केवळ एका संगीतप्रकारावर होता का, ही शंका तिथून सुरू होते.

यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतले. नृत्यासाठी योग्य अशा नव्या तबकड्या कमी झाल्या, पण वेअरहाउसमधली गर्दी कमी झाली नाही. मग नकल्स यांनी जुन्या गाण्यांवरच काम सुरू केले. चुंबकीय फीत कापून आणि जोडून ते ठेक्याचा भाग लांबवीत, आवडता तुकडा पुन्हा पुन्हा आणीत. शहरातील तबकड्यांच्या दुकानांत ‘वेअरहाउसमध्ये वाजते ते’ मागायला लोक येऊ लागले आणि त्यातूनच ‘हाउस’ हा आखूड शब्द रुळला, असे सांगितले जाते.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. सुरुवातीला ‘हाउस’ म्हणजे नवा प्रकार नव्हता. त्या ठिकाणी वाजणाऱ्या डिस्को, सोल आणि युरोपीय इलेक्ट्रॉनिक तबकड्यांची ती निवड होती. यंत्रांवर रचलेले संगीत थोडे नंतर आले.

३. यंत्रे कोणासाठी, वापरली कोणी?

१९८२ च्या अखेरीस नकल्स वेअरहाउसमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘पॉवर प्लांट’ हा स्वतःचा क्लब काढला. विल्यम्स यांच्या ‘म्युझिक बॉक्स’मध्ये रॉन हार्डी वाजवू लागले. याच सुमारास जपानच्या रोलँड कंपनीची यंत्रे शिकागोतील तरुणांच्या हाती आली : टीआर-८०८ आणि टीआर-९०९ ही तालयंत्रे आणि टीबी-३०३ हे बास वाजवणारे यंत्र.

तालयंत्रात १६ घरे असतात. तीनतालाच्या १६ मात्रा तुम्हाला आठवतील, पण येथे चार मात्रांचे प्रत्येकी चार भाग मिळून १६ होतात. ज्या घराचे बटण दाबाल तिथे आघात पडतो, आणि आवर्तन अखंड फिरत राहते. वाद्यवृंद नको आणि मोठा स्टुडिओही नको. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्स यांनी व्हिन्स लॉरेन्स यांच्यासह ‘ऑन अँड ऑन’ ही तबकडी काढली. ती पहिल्या हाउस तबकड्यांपैकी एक मानली जाते.

टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून बनवले होते. त्याचा आवाज खऱ्या बासगिटारसारखा येईना, म्हणून ते बाजारात पडले, उत्पादन थांबले आणि जुनी यंत्रे स्वस्तात मिळू लागली. फ्युचर या शिकागोच्या गटाने ते चालू ठेवून त्याच्या फिल्टरच्या खुंट्या फिरवायला सुरुवात केली. निघालेला चिरकणारा, वळवळणारा आवाज १९८७ च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये आहे. क्लबमध्ये तो प्रथम वाजवला रॉन हार्डी यांनी. त्याच वर्षाच्या जानेवारीत स्टीव्ह ‘सिल्क’ हर्ली यांचे ‘जॅक युअर बॉडी’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते.

४. मुंबईचे उदाहरण

आता असे म्हणावेसे वाटेल की यंत्र आले म्हणून संगीत आले. हे म्हणणे तपासायला आपल्याकडेच एक दाखला आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे घेऊन दहा रागांची तबकडी केली. भैरवी, ललत, मालकंस हे राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते, त्यामुळे मींडेचा भास सहज होतो. ऐकाल तर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’शी असलेले साम्य चकित करते. तरीही तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले.

तेच यंत्र, तसाच नाद, आणि काळही पाच वर्षे आधीचा. मग परंपरा शिकागोत का उभी राहिली? चरणजित सिंग यांच्या कल्पकतेत काही उणे नव्हते. पण दर आठवड्याला तो नाद ऐकायला जमणारा, त्यावर नाचून पसंती-नापसंती कळवणारा समाज त्यांच्या तबकडीभोवती नव्हता. शिकागोत तरुण रचनाकार टेप घेऊन डीजेकडे जात आणि निकाल त्याच रात्री लागे. शोध लावायला एक माणूस पुरतो, पण तो रुजायला जागा आणि माणसे लागतात.

५. समारोप

फ्रँकी नकल्स २०१४ मध्ये वारले. २०२३ मध्ये शिकागो शहराने वेअरहाउसच्या इमारतीला अधिकृत वारसा-दर्जा दिला. ज्यांना एकेकाळी शहरात निवांत नाचायलाही जागा नव्हती, त्यांचा पत्ता आता शहराचा वारसा आहे. पुढच्या वेळी तो ठोका कानावर पडेल तेव्हा एवढे आठवा की तो कुणीतरी आपल्यासाठी जागा शोधताना घडवला आहे.

विचारासाठी प्रश्न

१. एखादे यंत्र ‘फसले’ असे आपण कोणत्या निकषावर ठरवतो? टीबी-३०३ च्या आधारे लिहा.
२. तुमच्या गावातील किंवा शहरातील कोणती जागा एखाद्या कलेला आधार देत होती आणि आता बंद पडली आहे? तिथे जाणाऱ्यांशी बोलून एक पान लिहा.