‘जगात नंबर वन’ म्हणजे नक्की कशात? शिरूर तालुक्यातून समजून घ्या जागतिक क्रमवाऱ्या

‘भारत जगातली चौथी मोठी अर्थव्यवस्था’, ‘अमुक चिनी ब्रँड जगात पहिला’, ‘जपान मागे पडला’. अशी एखादी पोस्ट रोज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडते. कुणी टाळ्यांचे इमोजी टाकतं, कुणी ‘हे खोटं आहे’ म्हणून भांडतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघंही बरोबर असतात. दोघांच्या डोक्यातलं माप वेगळं असतं, एवढंच.

हे माप समजून घ्यायला न्यूयॉर्क किंवा शेन्झेन गाठायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव असा एक पट्टा आहे. अष्टविनायकातल्या महागणपतीमुळे रांजणगाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच रांजणगावच्या एमआयडीसीत कोरियाची एलजी, चीनची हायर, अमेरिकेची व्हर्लपूल आणि इटलीची फियाट यांचे कारखाने उभे राहिले. जगाच्या याद्यांमध्ये एकमेकांना मागे टाकणाऱ्या कंपन्या इथे शेजारीशेजारी नांदतात.

थोडक्यात

- क्रमवारी म्हणजे एका वेळी, एका मापाने काढलेला फोटो असतो. माप बदललं की नंबर बदलतो.
- विक्री, नफा, शेअर बाजारातली किंमत आणि विकलेले नग या चार वेगळ्या गोष्टी आहेत.
- कारखाना कुठे आहे, मालक कोण आहे आणि तंत्रज्ञान कुणाचं आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात.
- गावाच्या दृष्टीने यादीतल्या नंबरापेक्षा या तीन प्रश्नांना जास्त महत्त्व आहे.

आधी एक खुलासा: कोणतं तळेगाव?

उद्योगांच्या बातम्यांत ‘तळेगाव’ आलं की घोळ होतो. वेळ नदीकाठचं तळेगाव ढमढेरे शिरूर तालुक्यात, पुणे-अहिल्यानगर रस्त्याजवळ आहे. मावळातलं तळेगाव दाभाडे पुणे-मुंबई रस्त्यावर आहे. २०२२ मध्ये गुजरातला गेलेला वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प ज्या तळेगावात होणार होता, ते दाभाडे. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतलं.

जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखानाही दाभाड्यांच्याच तळेगावचा. तो घ्यायला आधी चीनची ग्रेट वॉल मोटर्स पुढे आली होती. पण एप्रिल २०२० मध्ये केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली. पाठोपाठ गलवानचा संघर्ष झाला आणि २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना विकत घेण्याचा करार केला. जमीन, शेड, रस्ता तेच. कारखाना चिनी कंपनीकडे जाणार की कोरियन, याचा निकाल तंत्रज्ञानाने लावला नाही, दोन देशांच्या सीमेने लावला.

एक फ्रिज, तीन ‘पहिले’ नंबर

आता पुन्हा रांजणगाव. घरगुती उपकरणांच्या धंद्यात जगात पहिलं कोण? या एमआयडीसीतल्या तीन कंपन्या आपापल्या परीने पहिल्या ठरू शकतात.

नगांच्या मोजणीत हायर. फ्रिज, वॉशिंग मशीन अशा मोठ्या उपकरणांचे किती नग विकले गेले, या हिशेबाने युरोमॉनिटर ही बाजारपेठ-संशोधन संस्था २००९ पासून हायरला जगातला पहिला ब्रँड मानत आली आहे.

विक्रीच्या रकमेत एलजी. २०२१ मध्ये घरगुती उपकरणांच्या विक्रीत एलजीने व्हर्लपूलला पहिल्यांदाच वर्षभराच्या हिशेबात मागे टाकलं. कोरियात याची मोठी बातमी झाली. पण ही तुलना दोघांपुरतीच होती. चिनी कंपन्या त्यात धरल्या तर चित्र पुन्हा बदलतं.

नफ्यात व्हर्लपूल. त्याच २०२१ मध्ये कामकाजातून मिळालेल्या नफ्यात मात्र व्हर्लपूल एलजीच्या पुढेच होती.

तिघांचेही दावे खरे. ‘पहिला’ या शब्दापुढे ‘कशात’ हे लिहिलेलं नसलं की मग वाद सुरू होतो.

लेक आईपेक्षा मोठी कशी झाली?

चौथं माप शेअर बाजारातल्या किमतीचं. एलजीची भारतीय कंपनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी शेअर बाजारात आली. ११४० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी १७०० च्या पुढे उघडला आणि भारतीय कंपनीची किंमत कोरियातल्या मूळ कंपनीपेक्षा जास्त झाली. मूळ कंपनीची विक्री भारतीय कंपनीच्या कित्येक पट आहे, तरीही.

बाजारातली किंमत आजच्या विक्रीवर ठरत नाही. उद्या हा धंदा किती वाढेल, या अपेक्षेवर ती ठरते. भारतात अजून असंख्य घरांत वॉशिंग मशीन किंवा एसी यायचा आहे, हे गुंतवणूकदारांनी हेरलं. कोरियातली घरं मात्र भरलेली आहेत.

आणखी एक बारकावा आहे. ११,६०७ कोटींचा हा इश्यू पूर्णपणे मूळ कंपनीच्या हिश्शाच्या विक्रीचा होता. म्हणजे पैसा कोरियात गेला. ‘एलजी इंडियाला ११ हजार कोटी मिळाले’ असं म्हणणं त्यामुळे चूक ठरतं. नवीन यंत्रं किंवा नवी भरती त्या पैशातून होणार, असं गृहीत धरता येत नाही.

एकाच कारखान्यावर बदलत गेलेल्या पाट्या

हायर रांजणगावात आली ती रिकाम्या जागेवर नाही. २००७ मध्ये तिने इथला अँकर-देवू या नावाचा फ्रिजचा कारखाना विकत घेतला. त्या नावातच एक इतिहास आहे. देवू हा एकेकाळी कोरियातला दुसऱ्या क्रमांकाचा उद्योगसमूह मानला जायचा. कर्ज काढून वाढत गेला आणि १९९९ मध्ये कोसळला. अँकर हे नाव भारतीय घरांतल्या बटणं-स्विचमुळे ओळखीचं. आणि हायर म्हणजे चीनमधल्या चिंगदाओ शहरातला १९८४ मधला एक डबघाईला आलेला फ्रिजचा कारखाना.

तिथले प्रमुख झांग रुईमिन यांनी १९८५ मध्ये ७६ सदोष फ्रिज कामगारांसमोर घण घालून फोडायला लावले, हा किस्सा व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही सांगितला जातो. फ्रिज बनवण्याचं तंत्रज्ञान तेव्हा जर्मनीच्या लीबहेर कंपनीकडून घेतलेलं होतं. तीस वर्षांनंतर, २०१६ मध्ये, हायरने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती उपकरणांचा धंदा सुमारे ५.४ अब्ज डॉलरला विकत घेतला. जनरल इलेक्ट्रिक ही या शतकाच्या सुरुवातीला शेअर बाजारातल्या किमतीत जगातली सगळ्यात मोठी कंपनी होती.

२०१७ मध्ये हायरने रांजणगावचा प्रकल्प वाढवला. कोरियन, भारतीय, चिनी असा नावांचा प्रवास झाला, पण फ्रिज मात्र रांजणगावातच बनत राहिले.

पहिला नंबर टिकत का नाही?

याचं उत्तर फियाटच्या कारखान्यात सापडतं. फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. २००५ मध्ये ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कारात १ ते १.४ लिटरच्या गटात हे इंजिन पहिलं आलं होतं. भारतात त्याला एवढी मागणी होती की, जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने वर्षाला एक लाख इंजिनं फियाटकडून घेण्याचा करार केला. स्पर्धक कंपनीची गाडी आणि रांजणगावचं इंजिन, असा तो काळ.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला. लहान डिझेल इंजिन त्यात बसवायचं तर खर्च परवडेना. मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. इंजिन काही वाईट झालं नव्हतं. ज्या मापाने ते पहिलं ठरलं होतं, तेच बदललं होतं.

त्याच सुमारास, जानेवारी २०२० मध्ये, टाटांची इलेक्ट्रिक नेक्सॉन बाजारात आली. पेट्रोल-डिझेलची नेक्सॉन रांजणगावातच बनते. इंजिनाची जागा बॅटरी घेऊ लागली आणि जगाची यादीही हलली. २०२३ मध्ये चीन जपानला मागे टाकून मोटारींचा सगळ्यात मोठा निर्यातदार झाला. २०२५ मध्ये चीनच्या बीवायडीने पूर्ण वर्षाच्या बॅटरी-गाड्यांच्या विक्रीत टेस्लाला मागे टाकलं.

मोबाइलचंही तसंच. एलजी एकेकाळी जगातल्या आघाडीच्या मोबाइल कंपन्यांत होती. स्मार्टफोनच्या स्पर्धेत ती मागे पडत गेली आणि २०२१ मध्ये तिने हा धंदा कायमचा बंद केला. फ्रिज-वॉशिंग मशीनमध्ये मात्र त्याच वर्षी ती शिखरावर होती.

देशांच्या पातळीवर हा बदल फॉर्च्यून ग्लोबल ५०० या यादीत दिसतो. ही यादी फक्त वार्षिक विक्रीवर बनते. १९९५ च्या यादीत जपानच्या १४९ कंपन्या होत्या. २०२५ मध्ये त्या चाळीसच्या आसपास उरल्या. २०२० च्या यादीत हाँगकाँगसह चीनच्या १२४ आणि अमेरिकेच्या १२१ कंपन्या होत्या. पण तेव्हाही शेअर बाजारातल्या किमतीच्या यादीत वरच्या जागा बहुतेक अमेरिकी कंपन्यांकडेच होत्या.

देशांच्या याद्या: चार आकडे, चार चित्रं

जीडीपी. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजात भारत ४.१८७ लाख कोटी डॉलर आणि जपान ४.१८६ लाख कोटी डॉलर असा फरक होता. केसाएवढा. ऑक्टोबरच्या अंदाजात जपान पुन्हा पुढे गेला. सहा महिन्यांत कारखाने इकडचे तिकडे झाले नव्हते. डॉलरमध्ये मोजल्यावर रुपया आणि येनचा भावही त्या आकड्यात मिसळतो.

दरडोई उत्पन्न. हेच उत्पन्न लोकसंख्येने भागलं की भारत १३० व्या क्रमांकाच्याही पुढे जातो. जपानी माणसाचा सरासरी आकडा भारतीयाच्या दहापटीहून जास्त आहे.

नवकल्पना. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्समध्ये भारत २०१५ ला ८१ वा होता, २०२५ ला ३८ वा आहे. ही प्रगती खरी आहे. पण संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपासच आहे, कोरियाचा पाच टक्क्यांच्या आसपास. २०२५ च्या या यादीत चीन पहिल्यांदाच पहिल्या दहात आला.

व्यवसायसुलभता. जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ यादीत भारत १४२ वरून ६३ वर आला, तेव्हा मोठा जल्लोष झाला. पुढे २०१८ आणि २०२० च्या अहवालांत काही देशांच्या आकड्यांत गडबड झाल्याचं उघड झालं. २०१८ च्या यादीत ७८ वा दाखवलेला चीन प्रत्यक्षात ८५ वा हवा होता. सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती यादीच बंद केली. म्हणजे कधीकधी मोजणाऱ्याचा तराजूही तपासावा लागतो.

या सगळ्यात तालुक्याचं काय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी दिली. २९७ एकर जागा, सुमारे ४९३ कोटींचा विकासखर्च, त्यातले सुमारे २०८ कोटी केंद्राचे. आयएफबी रेफ्रिजरेशन ही पहिली मोठी कंपनी म्हणून जाहीर झाली.

जागा, वीज, रस्ता मिळाला की जोडणीचं काम येतं. पण फ्रिज किंवा एसीतली खरी स्पर्धा असते ती कॉम्प्रेसर, त्याचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर आणि त्यातली चिप यांत. भारतात जोडलेल्या एसीतले अनेक सुटे भाग बाहेरून येत राहिले, म्हणूनच २०२१ मध्ये केंद्राला एसी आणि एलईडी दिव्यांच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटींची प्रोत्साहन योजना आणावी लागली.

इथे शेतकऱ्याच्या ओळखीचं एक उदाहरण घेता येईल. शेत आपलं, राबणारे हात आपले. पण बियाणं दरवर्षी कंपनीचंच विकत घ्यायचं असेल तर पिकाचा मोठा वाटा बियाणंवाल्याकडे जातो. तंत्रज्ञानाचंही तसंच आहे. ज्याच्याकडे डिझाइन, पेटंट आणि मुख्य भाग, त्याच्याकडे जास्त पैसा. मल्टिजेटची मागणी गेली तेव्हा पुढे काय बनवायचं, हा निर्णय रांजणगावात होणार नव्हता. आयटीआय करून लाइनवर उभं राहणाऱ्या मुलाला मात्र त्या निर्णयासोबतच जगावं लागतं. त्याला काल डिझेल इंजिन शिकवलं असेल, तर आज बॅटरी शिकवणारं कुणी तालुक्यात आहे का, हा त्याच्यासाठी ३८ व्या क्रमांकापेक्षा मोठा प्रश्न आहे.

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न

१. पहिला, पण कशात? विक्री, नफा, शेअरची किंमत की नग?
२. कोणत्या वर्षाचा आकडा? प्रत्यक्ष झालेला की पुढचा अंदाज?
३. एकूण आहे की दरडोई?
४. यादी कुणी बनवली, आणि ती अजून चालू आहे का?
५. यादीतल्या कंपनीचा कारखाना, मालकी आणि तंत्रज्ञान एकाच देशाचं आहे का?

पाचही उत्तरं मिळाली तर पोस्ट खुशाल पुढे पाठवावी. एखादं मिळालं नाही, तर तो नंबर खोटाच आहे असं नाही. फक्त तो अर्धाच सांगितलेला आहे.