शेअर्स थोडे, मतं मोठी: गुंतवणूकदार एकत्र येऊन कंपन्यांना कसं वळवतात?

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की माझ्या इनबॉक्समध्ये ‘ई-व्होटिंग’चे मेल येऊन पडतात. एखाद्या कंपनीचे दहाच शेअर्स असले तरी येतात. बरीच वर्षं मी ते न उघडताच डिलीट करायचो. दिवसभर कोड लिहिणारा माणूस मी, माझ्या दहा मतांनी कंपनीचं काय बिघडणार? मग एक्सॉनमोबिलचा किस्सा वाचला आणि मत बदललं.

२०२१ मध्ये काय घडलं?

एक्सॉनमोबिल ही अमेरिकेतली बलाढ्य तेल कंपनी. ‘इंजिन नंबर १’ या छोट्या फंडाकडे तिचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर्स होते. फंडाचं म्हणणं साधं होतं: जग हळूहळू तेलापासून दूर जाणार, त्याची तयारी कंपनीने केलेली नाही आणि यात नुकसान भागधारकांचंच आहे. त्यांनी संचालक मंडळासाठी स्वतःचे चार उमेदवार उभे केले. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोठ्या पेन्शन फंडांनी पाठिंबा दिला. ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड यांनीही त्यातल्या काही उमेदवारांना मत दिलं. निकाल: १२ पैकी ३ जागा त्यांच्या!

एकत्र येतात म्हणजे नेमकं काय करतात?

२००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने जबाबदार गुंतवणुकीची सहा तत्त्वं जाहीर झाली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘क्लायमेट ॲक्शन १००+’ सुरू झालं. सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांकडे त्यांच्या तीन मागण्या असतात: हवामानाची जबाबदारी संचालक मंडळाने घ्यावी, उत्सर्जन कमी करावं आणि आकडे उघड करावेत.

पद्धत साधारण अशी असते:

१. आधी बंद दाराआड चर्चा.
२. उत्तर नाही मिळालं तर जाहीर पत्र.
३. मग वार्षिक सभेत ठराव.
४. तरीही काही हललं नाही तर संचालकांच्या विरोधात मतदान.
५. शेवटचा उपाय म्हणजे शेअर्स विकून बाहेर पडणं.

शेअर्स विकले की मतही जातं, म्हणून बरेच जण आत राहूनच भांडतात. आणि गटात असले तरी मत कसं द्यायचं हे प्रत्येक जण स्वतंत्रपणे ठरवतो.

हे नेहमी चालतं का?

नाही. नवे संचालक आले तरी एक्सॉनमोबिलने २०२३ मध्ये पायोनियर ही आणखी एक तेल कंपनी सुमारे ६० अब्ज डॉलर्सना विकत घेण्याचा करार केला. २०२४ मध्ये तर हवामानाचा ठराव मांडणाऱ्या दोन गुंतवणूकदारांना तिने कोर्टात खेचलं, तेव्हा त्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जेपीमॉर्गनची फंड कंपनी आणि स्टेट स्ट्रीटची फंड कंपनी ‘क्लायमेट ॲक्शन १००+’मधून बाहेर पडल्या. थोडक्यात, दबाव टिकला तरच बदल टिकतो.

भारतात काय स्थिती आहे?

सेबीने २०१९ मध्ये म्युच्युअल फंडांसाठी स्टुअर्डशिप कोड आणला. गुंतवणूक केलेल्या कंपनीवर लक्ष ठेवा आणि गरज पडल्यास इतर गुंतवणूकदारांसोबत मिळून काम करा, हे त्यातच आहे. शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल (बीआरएसआर) द्यावाच लागतो.

तुमच्या फोनवर काय करता येईल?

• तुमची एसआयपी असेल तर मत तुम्ही देत नाही, तुमच्या वतीने फंड देतो. फंडाच्या वेबसाइटवर ‘व्होटिंग’ शोधा. कुठल्या ठरावाला बाजूने, कुठल्याला विरोधात आणि का, हे सगळं तिथे असतं.
• थेट शेअर्स असतील तर एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या ई-व्होटिंग पानावर लॉगिन करा. मेलमधल्या लिंकवर डोळे झाकून क्लिक करू नका, पत्ता स्वतः टाइप करा.
• कंपनीचा बीआरएसआर उघडा आणि उत्सर्जनाचे आकडे मागच्या वर्षीशी ताडून बघा.

यंदा मी पहिल्यांदा मत दिलं. पाच मिनिटं लागली. दहा मतांनी कंपनी हलणार नाही, हे मला माहीत आहे. पण ०.०२ टक्केवाल्यांनीही सुरुवात अशीच केली होती, बाकीचे नंतर आले.