पुण्याचा तीन वर्षांचा संघ

क्रिकेटच्या संघाचा इतिहास कामगार चळवळीतल्या माणसाने का सांगावा, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. उत्तर इतकेच की, ‘पुणे वॉरियर्स’ या संघाची गोष्ट मला खेळाच्या पानापेक्षा हिशेबाच्या पानावर अधिक कळली. आणि हिशेबाची पाने चाळण्यात माझी हयात गेली आहे.

इंडियन प्रीमियर लीगचे पहिले आठ संघ जानेवारी २००८ मध्ये लिलावाने विकले गेले. आठांची मिळून किंमत सुमारे ७२ कोटी डॉलर. त्यांत सर्वांत महाग मुंबईचा, ११ कोटी १९ लाखांचा. पुढे २१ मार्च २०१० रोजी आणखी दोन संघ विकायला निघाले. पुण्याचा संघ सहारा समूहाने ३७ कोटी डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला; कोचीचा ३३ कोटी ३३ लाखांना गेला. दोघांची किंमत जुन्या आठांच्या किमतीला जवळजवळ भिडली! आणि तोवर या दोन्ही संघांत एकही खेळाडू नव्हता. विकला गेला होता तो फक्त परवाना.

ही बोली लीगचे ९४ सामने होतील हे धरून केली होती, असे मालकाचे म्हणणे. प्रत्यक्षात २०११ साली ७४ झाले. कापूस बाजारात काट्यात खोट निघाली तर आपला शेतकरी भांडतो. इथे खोट मालकाला लागली होती. मालकांची बाजू घेण्याची मला सवय नाही, पण हे गाऱ्हाणे अगदीच पोकळ होते असे मी म्हणणार नाही. क्रिकेट मंडळाशी या रकमेवरून जो वाद जुंपला, तो संघ मरेपर्यंत मिटला नाही.

खेळाडू आले तेही लिलावातून. जानेवारी २०११ मध्ये बंगळूर येथे रॉबिन उथप्पा २१ लाख डॉलरना आणि युवराजसिंग १८ लाखांना पुण्याच्या वाट्याला आला. एवढी कमाई करणाऱ्याला कामगार कसे म्हणावे, असे तुम्ही विचाराल. पण आपल्याला कोण घेणार हे ज्याला ठरवता येत नाही, तो कितीही श्रीमंत असो, त्याला संघटना लागतेच. भारतीय क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना निघाली ती २०१९ मध्ये, आणि तिचे सभासदत्व निवृत्तांनाच!

पहिल्या वर्षी पुण्याचा हा संघ घरचे सामने नवी मुंबईत नेरूळला खेळला. पहिले दोन जिंकला, मग ओळीने सात हरला. चौदांपैकी विजय चार. १ एप्रिल २०१२ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे नवे क्रीडांगण उघडले, त्यालाही मालकाचेच नाव. तोवर युवराज कर्करोगाच्या उपचारासाठी अमेरिकेत होता. त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा हाही भांडणाचा एक मुद्दा झाला. फेब्रुवारीत सहाराने लिलावाकडे पाठ फिरवली, त्याच महिन्यात समेटही झाला. कप्तानी सौरव गांगुलीकडे आली. त्या हंगामातले शेवटचे नऊच्या नऊ सामने संघ हरला. २०१३ मध्ये अँजेलो मॅथ्यूज कप्तान. पण श्रीलंकेच्या खेळाडूंना चेन्नईत खेळण्यास मनाई, म्हणून कप्तानच तिथे मैदानाबाहेर. २३ एप्रिलला बंगळूरला ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या, त्या याच संघाविरुद्ध. दोन्ही हंगामांत सोळांपैकी विजय चारच.

तरीही संघ बुडाला तो हरण्याने नव्हे. हप्ता थकला, मंडळाने बँकेची हमी वटवली, आणि २१ मे २०१३ रोजी सहाराने अंग काढून घेतले. ऑक्टोबरात मंडळाने परवाना रद्द केला. कोचीचा तर २०११ मध्ये एका हंगामातच निकाल लागला होता.

अमेरिकेत हातात चेंडू घेऊन धावण्याचा जो फुटबॉल आहे, त्यात टँपा बे या गावाला १९७६ साली असाच नवा संघ मिळाला. तो पहिले २६ सामने ओळीने हरला! पण चौथ्या वर्षी, १९७९ मध्ये, अंतिम सामन्यापासून एकाच पायरीवर येऊन थांबला. दूरचित्रवाणीचा पैसा तिथे सर्व संघांत वाटला जातो, तसा तो आपल्या लीगमध्येही वाटला जातो. खेळाडूंची संघटना मात्र तिथे १९५६ पासून आहे. पुण्याला चौथे वर्ष मिळाले नाही.

इतके लांब कशाला, आपला विदर्भच घ्या. रणजी करंडकात विदर्भ १९५७-५८ पासून खेळतो आहे. करंडक हाती आला तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला दिल्लीला हरवून. फैज फजल कप्तान, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. मधली साठ वर्षे कुणी हा संघ बंद केला नाही, कारण त्याचा हप्ता कुणाला भरायचा नव्हता. संघटनांतही खोडी असतात, मी त्या आतून पाहिल्या आहेत. पण पडत्या काळात गावाच्या नावाचे कुलूप कुणी विकत नाही.

गहुंजेच्या मैदानावरून सहाराचे नाव उतरले. २०१६ मध्ये पुण्याच्या नावाने दुसऱ्या मालकाचा संघ आला, तोही निलंबित झालेल्या संघाच्या जागी, दोन वर्षांच्या बोलीवर. २०१७ चा अंतिम सामना तो मुंबईकडून एका धावेने हरला, आणि मुदत संपताच तोही गेला.